यूट्यूब टीव्ही घेतला म्हणून सगळं एनएफएल दिसत नाही

अमेरिकेतल्या आपल्या ग्रुप्समधे एक मेसेज फिरतोय की केबल बंद करा आणि यूट्यूब टीव्ही (इंटरनेटवरून टीव्ही चॅनल दाखवणारी, पैसे भरून घ्यायची सेवा) घ्या, एनएफएलच्या म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या सगळ्या मॅचेस त्यात येतात. हे चूक आहे हो! गुरुवार रात्रीच्या मॅचेस २०२२ पासून ॲमेझॉन प्राइमकडे आहेत, २०२४ च्या ख्रिसमसच्या दोन नेटफ्लिक्सवर होत्या, आणि रविवार दुपारच्या बाहेरगावच्या टीमच्या मॅचेस पाहिजेत तर संडे तिकीट नावाचं पॅकेज वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, ते यूट्यूबकडे २०२३ ला आलं पण बेसिक प्लॅनमधे नाहीये. फक्त स्वतःच्या शहराची टीम बघणाऱ्यांनी आधी साधा अँटेना लावून बघा, सीबीएस, फॉक्स, एनबीसी ही चॅनल्स फुकटात लागतात. क्रिकेटवाल्यांनो, यूट्यूब टीव्हीत विलो (क्रिकेटचं चॅनल) आहे का ते आधी तपासा, मगच केबल तोडा.