'बिचारा बेसिल, संशयी सिबिल' हे खरं नाही

हॉटेल चालवणाऱ्या बेसिल आणि सिबिल या नवरा-बायकोवरची ब्रिटिश विनोदी मालिका 'फॉल्टी टॉवर्स', तिच्या 'द सायकायट्रिस्ट' एपिसोडचा विषय निघाला की ठरलेलं ऐकायला मिळतं, बेसिलने काहीच केलेलं नसतं, बायको उगाच संशय घेते, कजाग बायकोवरचा जुना जोक आहे सगळा, आणि बेसिल साकारणाऱ्या, मालिका लिहिणाऱ्या जॉन क्लीजने स्वतःच्या घटस्फोटाचा राग सिबिलवर काढलाय. मला यातलं काहीही पटत नाही.

मुळात संशयाचं भूत आधी शिरतं ते बेसिलच्या डोक्यात. शर्टाची बटणं उघडी टाकून, गळ्यात लॉकेटं घालून आलेल्या जॉन्सन नावाच्या पाहुण्याशी सिबिल काउंटरवर हसून बोलते ना, तिथेच याचा जळफळाट सुरू होतो, मग जॉन्सनने खोलीत चोरून पोरगी आणलीय आणि आपण ती पकडायचीच म्हणून हा रात्री शिडी लावून खिडकीशी चढतो आणि ती खिडकी निघते हॉटेलात बायकोसोबत उतरलेल्या त्या सायकायट्रिस्टची, म्हणजे मनोविकारतज्ज्ञाची, ज्याला तो दिवसभर टरकून असतो.

आता सिबिलचा संशय उगाचचा म्हणता? तिच्या जागी उभं राहून बघा जरा. रेलीन नावाच्या तरुण ऑस्ट्रेलियन पाहुणीच्या खोलीत नवरा, लाइटचं बटण चाचपडता चाचपडता त्याचा हात पडतो तिच्या छातीवर, आणि नेमकी तेव्हाच सिबिल दारात. पुढे तर रेलीनच्या अंगावर त्याच्या हाताचा काळा ठसाच उमटतो. बटणाचं आपल्याला माहीत, कारण आपण ते बघितलेलं असतं, तिला कोण सांगणार? बेसिल? तो तर बायकोशी रोज खोटं बोलतो! आदल्याच आठवड्यातल्या एपिसोडमध्ये घोड्यांवर पैसे लावून जिंकलेली रक्कम तिच्यापासून लपवताना त्याची किती तारांबळ उडते आठवा. असा माणूस एखाद दिवशी खरं बोलला तरी तिने विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर?

काहीजण उलट टोकाला जाऊन त्याला लंपट ठरवतात, तेही चूक. १९७५ च्या 'द वेडिंग पार्टी' एपिसोडमध्ये मिसेस पेन्वार ही पाहुणी त्याच्याशी सलगी करते तर हा पळ काढतो. आणि इथे सायकायट्रिस्ट आणि त्याची बायको हे डॉक्टर जोडपं साधं विचारतं, हॉटेल सांभाळून सुट्टीला जायचं तुम्हाला कितीदा जमतं, तर याला वाटतं बेडरूमचंच विचारतायत, आणि तो ठोकून देतो आठवड्यातून दोन-तीनदा. त्या टेबलावर त्याचा चेहरा बघा, तो माणूस घाबरलेला आहे, आणि एपिसोडचा खरा विषय ही भीतीच आहे असं मला वाटतं.

घटस्फोटाच्या रागाचं म्हणाल तर बाराही एपिसोड क्लीज आणि कॉनी बूथ दोघांनी मिळून लिहिलेत, हॉटेलातली वेट्रेस पॉली म्हणून काम करते ती हीच कॉनी. दोघांचं लग्न १९६८ चं, घटस्फोट १९७८ चा, आणि दुसरी सिरीज लागली १९७९ मध्ये, तीही दोघांच्याच नावाने. नवऱ्याने बायकोवर सूड उगवला म्हणणारे त्या बायकोचं लिखाणच पुसून टाकतात, याचा मला खरंच राग येतो. शिवाय प्रुनेला स्केल्सने साकारलेली सिबिल कुठे रडत बसते? हॉटेल प्रत्यक्षात तीच चालवते, पाहुण्यांना काय हवं-नको ते तिलाच कळतं.

एक टीका मात्र मान्य, रेलीनला एपिसोडमध्ये शरीरापलीकडे काहीच दिलेलं नाही, तिला काय वाटलं हे कोणी विचारतही नाही. आज बघताना ते खटकतं आणि खटकायलाच हवं, पण तो दोष लिहिणाऱ्यांचा आहे, सिबिलचा नाही.