जीर्णोद्धार समितीच्या नव्या सदस्यास

अभिनंदन! गावच्या जीर्णोद्धार समितीत तुमची वर्णी लागली. ओढ्याकाठचं ते काळ्या दगडाचं देऊळ वाचवायची जबाबदारी आता तुमच्या खांद्यावर आहे. वाचवताना त्याचा एकही दगड जागेवर राहणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या.

सुरुवात इतिहासापासून करू. देऊळ कुणी बांधलं असं कुणी विचारलं तर बेधडक सांगायचं, पांडवांनी. वनवासात असताना, एका रात्रीत. कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला. महाराष्ट्रातल्या निम्म्या देवळांचं कंत्राट या एकाच पार्टीकडे होतं आणि सगळीकडे कोंबड्यानेच घात केला. एखादा शिकलेला मध्येच ‘हेमाडपंती’ म्हणेल. त्यालाही मान डोलवावी. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता आणि अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे हेमाडपंताच्या आधी दोनशे वर्षं लोक हेमाडपंती देवळं बांधत होते, असल्या भानगडीत समितीने पडू नये. पांडवच बरे. एका रात्रीत बांधलेलं देऊळ एका रात्रीत पाडलं तर कुणाला काही वाटत नाही, आणि जेसीबीवाला रात्रीचाच मोकळा असतो.

आता कायदा. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे; स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाबरू नका. केंद्राच्या यादीत अख्ख्या देशातली मिळून साडेतीन हजारांहून थोडीच जास्त स्मारकं आहेत. राज्याची यादी वेगळी, पण तीही काही फार लांबलचक नाही. तुमचं देऊळ बहुधा दोन्हीकडे नाही. चुकून असलंच, तर आवारात एक फलक असेल. वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्यावर झकास बसतो.

खरं तर जुन्या लोकांचा कायदा जास्त कडक होता. दानाचा लेख कोरला की खाली ते गधेगाळ काढायचे. हे दान जो मोडील, त्याच्या आईची आणि गाढवाची गाठ, चित्रासकट. न वाचता येणाऱ्यालाही अर्थ कळावा म्हणून. तुमच्या आवारात असा दगड निघाला तर पालथा घालून त्यावर कपडे धुवायची सोय करा. अलिबागजवळच्या आक्षीचा १०१२ सालचा मराठी शिलालेख वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेलाच उभा होता, त्याने काय बिघडलं? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झालीच ना! पेढे तुम्हीही वाटलेत.

मग रंग. इथे घाई नको, हे कामाचं मर्म आहे. आधी दगड तारेच्या ब्रशने असा घासायचा की कोरीवकामाची धार गेली पाहिजे. त्यावर ऑइलपेंट. खांब पोपटी, तुळया गुलाबी, कडेला सोनेरी पट्टी. खांबावरच्या सुरसुंदरीचं नाक कधीतरी उडालेलं असतं. ते सिमेंटने बसवून घ्या, जरा मोठंच, म्हणजे पुन्हा उडायला नको. तिच्या भुवया काळ्या, ओठ लाल आणि नखांनाही लाल रंग. (हातभर उंचीच्या मूर्तीच्या नखांपर्यंत ज्याचा ब्रश पोहोचतो, तो रंगारी आळशी होता असं मी म्हणणार नाही.) देवळाच्या पायातून चढणारी ओल पूर्वी दगडातून वाऱ्यावर निघून जायची. आता ती रंगाच्या आड अडकेल आणि पाच-सात पावसाळ्यांत रंगाबरोबर दगडाचेही पापुद्रे हातात येतील. हरकत नाही. तेव्हा दुसरा हात मारायचा.

उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखाला, म्हणजे त्या कोरलेल्या अक्राळविक्राळ तोंडाला, लोकांची बोटं ठेचतात, तर त्यावर टाइल बसवा. गाभाऱ्यातही टाइल, खाली ग्रॅनाइट, वर एलईडीची माळ आणि दारात स्टीलचं रेलिंग. बाथरूमची टाइल उरली असेल तर तीही चालते, देव भावाचा भुकेला आहे.

या देवळांत दगडाला दगड नुसता खाचेत बसवलेला असतो, दरजेत चुनासुद्धा नसतो. वजनावर वजन तोललेलं, म्हणून सात-आठशे वर्षं उभं. हे ऐकून गवंडी हबकेल. त्याला धीर द्या आणि सगळ्या फटी सिमेंटने बुजवायला सांगा. चुन्याचं नाव काढणाऱ्याला बैठकीला बोलावूच नका. चुना आधी विरवायचा, घाण्यात बैल लावून मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचं आणि मग दिवसेंदिवस मुरत ठेवायचा. तेवढ्या वेळात आचारसंहिता लागेल.

कधीकधी गावात एखादे निवृत्त मास्तर निघतात. देऊळ उतरवायचंच असेल तर प्रत्येक दगडाला नंबर घाला, फोटो काढा, नकाशा करा, म्हणजे पुन्हा तसंच रचता येईल, असं ते सांगत फिरतात. माणूस वाईट नसतो. त्यांना समितीचं सल्लागारपद द्या आणि बैठकीची वेळ कळवू नका.

निधीसाठी सभामंडप हवाच. देऊळ सरकारी तीर्थक्षेत्रांच्या ‘क’ वर्गात बसलं तर उत्तम, नाहीतर आमदार निधी आहे. मंडप देवळाच्या दुप्पट उंच घ्या, म्हणजे रस्त्यावरून देऊळ दिसायची कटकट उरत नाही. वर संगमरवरी पाटी, त्यावर अध्यक्षांपासून खजिनदारापर्यंत सगळ्यांची नावं, डोळ्यांच्या उंचीला. रायगडावर अख्खं राजधानीचं बांधकाम करून हिरोजी इंदुलकराने आपलं नाव कोरलं ते जगदीश्वराच्या पायरीवर, ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. प्रसिद्धीची ही समज असली की पुढे निवडणूक लढवता येत नाही.

नावाचा खरा वारसा घ्यायचा तो इंग्रजी फौजेतल्या जॉन स्मिथ साहेबाचा. २८ एप्रिल १८१९ ला अजिंठ्याला गेला आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच नाव-तारीख खरवडून आला. लेण्यात तेव्हा गाळ साचलेला, त्यावर उभा राहून लिहिलं, म्हणून ती सही आज बघणाऱ्याच्या डोक्यावर दिसते. दोनशे वर्षं झाली, मजकूर शाबूत आहे. तुमच्या पोरांनी गडावर बदामाच्या आत दोन नावं कोरली तर रागावू नका, परंपरा आहे.

गडांवरून आठवलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा इथले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी तुम्ही स्टेटस ठेवलंत, तेवढं पुरे. ऐन मे महिन्यात गडावरच्या टाक्यात कंबरभर चिखलात उतरून, एकमेकांच्या हातात घमेली देत गाळ उपसणारी पोरं असतात, त्यांच्या नादी लागू नका. दिवसभरात टाकं वीतभर रिकामं होतं आणि कपडे कायमचे जातात. शिवाय फोटोत सगळे सारखेच चिखलाचे दिसतात, अध्यक्ष कोण ते ओळखू येत नाही.

टिकाऊपणाबद्दल कुणी शंका काढली तर मालवणचा विषय तेवढा निघू देऊ नका. राजकोटावर महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. समोरच्या पाण्यात १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग उभाच आहे. समितीच्या बैठकीत अशी तुलना फार अडचणीची जाते.

कोरलेले जुने दगड उरतील. काही बांधाला लावा, काही पारावर बसायला ठेवा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, असेल तर त्याला शेंदूर फासून नारळ फोडा, महिनाभरात नवस फळायला लागतात. एखादा बरा नक्षीचा तुकडा फार्महाऊसवाला मागून नेईल. पावती मात्र देणगीचीच फाडा.

पंधरा-वीस वर्षांत स्लॅब गळायला लागेल. आधी डांबर ओता, मग वर पत्रे टाका आणि शेवटी ग्रामसभेत ठराव मांडा की देऊळ फार जुनं आणि धोकादायक झालं आहे. पांडवांचंच ते. तुमचा मुलगा तोवर हाताशी आलेला असेल. नव्या समितीत त्याचं नाव आत्ताच सुचवून ठेवा.