चिखल, प्रमाण १:३५

स्वच्छ वस्तू मळवणं वाटतं तितकं सोपं नसतं. शाळेत असताना धुतलेला सदरा मधल्या सुट्टीच्या आत मळवून दाखवण्यात माझा हात कुणी धरत नसे, त्यामुळे या विषयात मला फाजील आत्मविश्वास होता. तो एका टायगरने उतरवला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याच्या मी जोडलेल्या छोट्या प्रतिकृतीने.

खरा टायगर सत्तावन्न टनांचा. माझा १:३५ प्रमाणातला, तोफेच्या टोकापासून शेपटापर्यंत चोवीस सेंटिमीटर. हा पस्तीसचा आकडा कुठून आला असं मला लोक विचारतात, आणि खरं उत्तर ऐकून हिरमुसतात. अशा प्रतिकृती बनवणाऱ्या तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा पोटात बॅटऱ्या मावतील एवढं त्याचं अंग ठेवलं. मागाहून भागाकार केला, तर उत्तर साधारण पस्तीस आलं. आम्ही भिंग लावून ज्या अचूकतेसाठी भांडतो, ती मुळात सेलच्या जाडीवर उभी आहे.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचे दोन्ही बाजूंचे मिळून १९२ सुटे दुवे, त्यातले दोन सतरंजीने गिळले. एकेका बाजूला आठ आखांवर एकमेकांत घुसलेली चोवीस चाकं. खऱ्या टायगरचं आतलं एक चाक बदलायला बाहेरची चारदोन काढावी लागत, हिवाळ्यात मधला चिखल रात्रीत गोठून सगळंच जाम होई. मी चाकं आधी चिकटवली आणि मग रंगवायला घेतली. आतल्या चाकापर्यंत ब्रश पोचेना, तेव्हा आघाडीवरचे मेकॅनिक काय शिव्या घालत असतील ते बसल्या जागी कळलं.

सुपरग्लूची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हातात आलेलं रसायन दिसेल त्याला चिकटतं म्हणून त्यांनी वैतागून बाजूला टाकलं. दिसेल त्याला? तीन मिलिमीटरचा पितळी हूक मी त्याने सहा वेळा रणगाड्याला लावला, सहाही वेळा तो गळून पडला. सातव्या वेळी पक्का बसला. डाव्या अंगठ्यावर. दुसऱ्या दिवशी तो मिरवतच ऑफिसला गेलो.

तरी रणगाडा उभा राहिला. पिवळट रंग एअरब्रशने एकसारखा बसला. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी या छंदातला माझा गुरू म्हणवणारा मित्र आला.

"देखावा कधीचा?"

"मार्च १९४४. युक्रेन. बर्फ वितळून चिखल झालाय."

"मग झिमेरिट कुठाय?"

झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून चिलखतावर थापलेला खरबरीत लेप. ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ पासून कारखान्यातच लावू लागले. मी विसरलो होतो. पण मी ठोकून दिलं, "हा त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात बाहेर पडलेला आहे."

"असं? म्हणजे आठनऊ महिने लढलाय." त्याने रणगाडा दिव्याखाली फिरवला. "मग शोरूममधून आणल्यासारखा का दिसतोय?"

एका थापेपायी मला आठनऊ महिन्यांचा मळ चढवणं आलं.

आधी हिवाळ्यातला चुना, बर्फात रणगाडा उठून दिसू नये म्हणून फासलेला. त्याची युक्ती अशी की पिवळ्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, वर पांढरा रंग, मग पाणी लावून टूथब्रशने घासायचं, म्हणजे पांढरा पोपडे सुटल्यासारखा निघतो. बायकोच्या हेअरस्प्रेबद्दल घरात जे झालं ते घरातच राहू द्या. डावी बाजू घासली तर चुना सगळाच निघाला. उजवीकडचा टवकासुद्धा उडेना. मग गंज. मी सढळ हाताने गंज लावला. गुरू म्हणाला, "अरे, लढाईतला रणगाडा इतका गंजायला जगतो कुठे? गंज पट्ट्यांना, सायलेन्सरला. हे तू भंगारातलं काढलंयस." पुसला.

मग ओघळ. तैलरंगाचा ठिपका ठेवायचा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपलेल्या चपट्या ब्रशने तो खाली ओढायचा. पावसाचं पाणी धूळ घेऊन ओघळल्यासारखं दिसतं म्हणे. माझे ओघळ तुरुंगाच्या गजांसारखे दिसत होते, सरळ आणि समान अंतरावर. तीन आठवडे मी ते ओढले आणि पुसले. याच काळात माझ्या लक्षात आलं की ज्या स्कूटरला मी दोन वर्षांत फडकं लावलेलं नाही, तिच्या मडगार्डवर अप्रतिम वेदरिंग (ऊनपावसाचा मळ आणि झीज, आमच्या भाषेत) झालंय. मी उकिडवा बसून तिचे फोटो काढत असताना शेजाऱ्यांनी विचारलं, "विकताय का?"

राहता राहिला चिखल. युक्रेनची माती काळीभोर, तेव्हा आईच्या कुंडीतली काळी माती घेतली आणि चहाच्या गाळणीने गाळली, कारण या प्रमाणात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. (गाळणी कायमची माझ्याकडे आली.) माती आधी भट्टीत भाजून घ्यावी असं जाणकार सांगतात. म्हटलं, खायची थोडीच आहे. लाकूड चिकटवायचा डिंक पाण्यात कालवून तीत मिसळला, पट्ट्यांचे माग उमटवले, चिखल ओला दिसावा म्हणून वरून फवारा मारला. दुर्बीण लावून क्षितिज न्याहाळणारा पाच सेंटिमीटरचा अधिकारी कडेला उभा केला.

आठ दिवसांनी अधिकाऱ्याच्या शेजारी काहीतरी हिरवं उभं होतं.

बारीक रोप. तीन सेंटिमीटर उंच, म्हणजे पस्तीसच्या हिशेबाने मीटरभर झाड, आणि नेमकं दुर्बिणीच्या रोखात. मी चिमटा घेऊन पुढे झालो तर आई म्हणाली, "उपटू नकोस, झेंडू आहे तो."

"आई, हे युक्रेन आहे. मार्चमधलं."

"असू दे. उगवलाय ना?"

तेव्हापासून आई रोज सकाळी युक्रेनला चमच्याने पाणी घालते. गुरूला मी अजून घरी बोलावलेलं नाही.

परवा तिचा हात जरा हलला. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, पडलेला थेंब मागच्या कडेवरून घरंगळला, वेदरिंगची सुटी पूड बरोबर घेऊन चिलखतावरून वाकडातिकडा उतरला आणि सुकला. वर गडद, खाली येता येता विरत गेलेला, मध्ये एका बोल्टला वळसा घातलेला. ओघळ! मी दहा मिनिटं भिंगातून तो बघत बसलो. मग आईला हाक मारली आणि म्हटलं, "उद्या जरा डावीकडून घाल."