"सुरू झालं की भरते"

कोरोनात लेकीचं पाळणाघर बंद झालं त्या महिन्यात मी फी भरली नाही. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मूल घरी, मी घरी, मग पैसे कशाचे? इतका सोपा हिशेब वाटला की पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना फोनसुद्धा केला नाही. मेसेज टाकला, "सुरू झालं की भरते." त्यांचं उत्तर आलं, "चालेल. बाळ कसं आहे?"

त्यांना ते चालण्यासारखं नव्हतंच. पण हे मला फार उशिरा कळलं.

दहा मुलं आली काय नि चार आली काय, पाळणाघराचं भाडं तेवढंच आणि मुलं सांभाळणाऱ्यांचे पगारही तेवढेच. दुकानातला माल आज नाही खपला तर उद्या खपतो. इथे मंगळवारी रिकामी गेलेली जागा बुधवारी दोनदा भरता येत नाही. त्यात तान्ह्या मुलांना माणसं जास्त लागतात. एक बाई फार तर तीन-चार तान्ही बघेल. एरवीसुद्धा या कामात महिनाअखेरीला हातात फारसं उरत नाही. मग दोन-तीन महिने काहीच आलं नाही तर?

परत सुरू झालं तेव्हाची तऱ्हा तर आणखी वेगळी. मुलांचे छोटे गट करायचे, एका गटाची दुसऱ्याशी गाठ पडू द्यायची नाही. म्हणजे मुलं कमी आणि माणसं तेवढीच, कधी एखादं जास्तच. ताईंनी कोपऱ्यात एक निळी बादली ठेवली होती. ज्या खेळण्याला कुणी तोंड लावलं ते त्यात. आता दीड वर्षाचं मूल कशाला तोंड लावत नाही? संध्याकाळपर्यंत बादली शिगोशीग. मग साबणाचं पाणी, मग जंतुनाशक, मग वाळत घालणं. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

पहिल्या दिवशी माझ्या लेकीने मास्कमधल्या ताईंना ओळखलंच नाही. दारातच भोकाड पसरलं. ताई चार पावलं मागे गेल्या, मास्क क्षणभर खाली केला, हसल्या, परत वर केला. मग ती झेपावली. अंतर पाळायचा नियम करणाऱ्यांनी रडणारं मूल कधी कडेवर घेतलं नसावं, असं मला तेव्हापासून वाटतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं, ते योग्यच होतं. पण त्याचा अर्थ असा की मूल उघड्या तोंडाने खांद्यावर शिंकणार आणि ती शिंक झेलणारीचा पगार सगळ्यात कमी.

इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये शाळा-पाळणाघरं बंद झाली, तरी डॉक्टर, नर्स वगैरेंच्या मुलांसाठी ती उघडी ठेवली होती. साहजिक आहे. नर्सचं मूल कुणीतरी धरल्याशिवाय ती ड्यूटीवर जाणार कशी? टाळ्या मात्र नर्सला मिळाल्या, मूल धरणारीला नाहीत.

ऑस्ट्रेलियाने ६ एप्रिल ते १२ जुलै २०२० पालकांची फी माफ केली आणि केंद्रांना आधीच्या फीच्या निम्म्याच्या आसपास पैसे सरकारने दिले. कल्पना चांगली. पण जिथे मुलं पूर्ण भरली तिथे काम पूर्ण आणि पैसे निम्मे, वर पगारासाठीचं अनुदान जुलैमध्येच या क्षेत्राचं थांबवलं. इतरांना ते पुढे मार्च २०२१ पर्यंत मिळत होतं. अमेरिकेने मार्च २०२१ च्या कायद्यात बालसंगोपनासाठी ३९०० कोटी डॉलर ठेवले. त्यातले २४०० कोटी केंद्रं तगवण्यासाठी होते, म्हणजे भाडं, पगार, साफसफाई यांसाठी. माझ्या मते मदत अशीच हवी, हजेरी न मोजता. नोंदवलेल्या जागेचे पैसे द्या, मग मूल आलं काय नि न आलं काय. शिवाय आजारपणाची पगारी रजा. खोकला झाला आणि सुट्टीचा पगार कापला जाणार असेल तर ती बाई औषध घेऊन कामावर येणार, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही.

घरीच दोन-तीन मुलं सांभाळणाऱ्यांची तर अनेकदा कुठे नोंदही नसते. अनुदानाचा फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचणार कसा? फोनवर पाच मिनिटांत भरता येईल असा असला तरच त्या भरतील.

ज्यांची नोकरी गेली त्या पालकांनी फी भरावी असं मी म्हणत नाही, ते क्रूर होईल. त्यांची भर सरकारनेच घालायला हवी. पण माझा पगार एक दिवसही थांबला नव्हता. निम्मी फी सहज देता आली असती. सुचलं नाही, हेही खरं नाही. सुचलं होतं, पण बाकीचे कुठे भरतायत, असं म्हणून गप्प बसले.

पुढच्या वर्षी ताईंनी जागा सोडली. पालकांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, "खेळणी आणि पाळणे काढून टाकतेय. कुणाला हवे असतील तर सांगा." तासाभरात अकरा जणांनी "मला हवंय" असं लिहिलं. फीच्या मेसेजला त्या ग्रुपवर इतक्या पटकन उत्तरं कधी आली नव्हती.