पँटाला चतुर आणि समुद्रापलीकडची वाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पँटाला या चतुरांच्या वंशावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर हरकती घेतल्या आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. समुद्र ओलांडणारे चतुर ही सांगोवांगीची गोष्ट आहे. वाऱ्याने भरकटलेल्या किड्यांना आम्ही हौशी मंडळी ‘स्थलांतर’ असं भारदस्त नाव देतो. एकच चतुर आफ्रिकेत जाऊन परत येतो हे त्याच्या आयुष्याच्या हिशेबात बसत नाही. चतुर वाढले की डास हटतात, याला आधार नाही. आणि पँटालाच्या दोनच जाती असून त्यातली एक फक्त अमेरिकेतच सापडते हेही चूक, कारण पंखावर तपकिरी डाग असलेली ती दुसरी जात तुम्ही स्वतः भारतात पाहिली आहे.

आधी माझी चूक. ‘ऑक्टोबरमध्ये गेलेला चतुर पुढच्या पावसाळ्यात परततो’ असं मी लिहिलं होतं. ते साफ चुकीचं आहे आणि ते वाक्य मी आज काढलं आहे. पँटाला फ्लेव्हेसेन्सचं, म्हणजे समुद्र ओलांडणाऱ्या जातीचं, अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचं पाण्यातलं आयुष्य साधारण ३८ ते ६५ दिवसांत आटोपतं. पंख फुटल्यावरही त्याच्या हाती थोडेच आठवडे असतात. वर्षभराची फेरी एका जिवाला पुरी करता येणारच नाही. भारत, मालदीव, सेशेल्स, पूर्व आफ्रिका आणि परत भारत ही फेरी चार पिढ्या मिळून पुरी करतात, अशी मांडणी आहे. एकूण अंतराचा अंदाज १४,००० ते १८,००० किलोमीटर. वाट तीच राहते, वाटसरू बदलत जातात. माझ्या चुकीच्या वाक्यापेक्षा ही खरी गोष्ट कितीतरी मोठी आहे, म्हणून तुम्ही ती चूक दाखवलीत याबद्दल मनापासून आभार.

पण ‘भरकटलेले किडे’ हे मला मान्य नाही, आणि इथे मला जरा थांबून बोलायचं आहे.

मालदीव ही प्रवाळाची बेटं. पावसाचं पाणी जमिनीत मुरून जातं, वर साचत जवळजवळ नाहीच. चतुरांची पिल्लं वाढतील अशी तळी-डबकी तिथे फारच थोडी. तरीही दरवर्षी ऑक्टोबरमध्ये माले शहरावर चतुरांचे थवे उतरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांची संख्या खूप वाढते. तिथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला की हे येतात कुठून. त्यांनी वर्षानुवर्षं तारखा नोंदवल्या, आजूबाजूच्या प्रदेशांतल्या नोंदी गोळा केल्या आणि २००९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नोंदींचा क्रम बघा: आधी दक्षिण भारत, मग माले, मग मालदीवची दक्षिणेकडची बेटं, नोव्हेंबरमध्ये सेशेल्सची उत्तरेकडची बेटं आणि डिसेंबरमध्ये आणखी नैर्ऋत्येला अल्दाब्रा बेट. भारतापासून सेशेल्स सुमारे २,७०० किलोमीटर, अल्दाब्रा सुमारे ३,८००. भरकटणाऱ्यांच्या नोंदी अशा ओळीने, दरवर्षी, त्याच महिन्यांत लागत नाहीत.

आता वाऱ्याकडे वळते, कारण तुमचा सगळा भर वाऱ्यावर आहे. ऑक्टोबरमध्ये मालदीवच्या जमिनीलगत वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहत असतो. म्हणजे भारतातून येणाऱ्याच्या तोंडावर. नुसत्या त्या वाऱ्यावर भरकटणारा किडा भारताकडे ढकलला जाईल, मालदीवकडे नाही. मात्र त्याच दिवसांत विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकत असतो, आणि त्याच्या मागे, हजार मीटरच्या वर, वारा ईशान्येकडून वाहतो. चतुर पोहोचतात ते बहुधा या वरच्या वाऱ्याने. त्यासाठी उंची गाठावी लागते, वाऱ्याची दिशा बदलण्याच्या वेळी निघावं लागतं आणि पंख पसरून तरंगत राहावं लागतं. पँटालाचा मागचा पंख बुडाशी किती रुंद असतो ते एकदा नीट पाहा. तरंगायला याहून सोयीचं शरीर चतुरांमध्ये क्वचितच मिळेल. पाऊस जिथे पडणार तिथेच हे वारे एकत्र येतात. म्हणजे वाऱ्याबरोबर जाणारा चतुर पावसाबरोबर जातो आणि त्याच्या अंड्यांना हवं असलेलं ताजं साचलेलं पाणी त्याला पुढच्या मुक्कामी मिळतं. अशा नव्या डबक्यात मासे नसतात, पण ते फार दिवस टिकतही नाही. पिल्लं इतक्या घाईने का वाढतात आणि मोठी झाल्यावर तिथे का थांबत नाहीत, याचं उत्तर त्या डबक्यातच आहे.

वाऱ्याची मदत घेतली म्हणून ते स्थलांतर उरत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. कितीतरी पक्षीही अनुकूल वाऱ्याची वाट बघून निघतात. २०२१ साली काही संशोधकांनी या प्रवासाचं गणित मांडलं. शरीरात साठवलेल्या चरबीवर हा चतुर सुमारे ९० तास हवेत राहू शकतो, आणि वारा अनुकूल असेल तर समुद्र पार होऊ शकतो, असं त्यातून निघालं. वाऱ्याशिवाय जमणार नाही हे त्यांनीही मान्य केलं आहे, आणि मीही करते.

‘कुणी पाहिलंय?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. २००६ साली अमेरिकेतल्या ग्रीन डार्नर चतुरांच्या अंगावर इवलाले रेडिओ ट्रान्समीटर चिकटवून त्यांचा पाठलाग झाला होता. तो ट्रान्समीटर ३०० मिलिग्रॅमचा होता आणि तो चतुर होता सव्वा ग्रॅमच्या आसपास. पँटाला स्वतःच साधारण ३०० मिलिग्रॅमचा. त्याच्यावर त्याच्याच वजनाचं ओझं लादून समुद्रावर कसं पाठवणार? म्हणून वाट शोधली गेली ती पंखांतून. पावसाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्याची खूण पंखात उतरते, आणि पंख एकदा तयार झाला की ती पुसली जात नाही. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख असे तपासले गेले आणि २०१२ साली निष्कर्ष आला: हे चतुर मालदीवचे नाहीत, दक्षिण भारतातलेही नाहीत, त्यांचं जन्माचं पाणी उत्तर भारतातलं किंवा त्याहूनही पलीकडचं आहे. चतुराला उडताना कुणी सलग पाहिलं नाही हे खरं, पण तो कुठून आला याची साक्ष त्याच्याच अंगावर मिळाली. मला तरी हा पुरावा डोळ्यांनी पाहिल्याइतकाच भक्कम वाटतो.

परतीच्या प्रवासाचा पुरावा मात्र इतका भरीव नाही. एप्रिल ते जूनमध्ये मालदीवला पुन्हा चतुर दिसतात, पण थोडे. आणि त्या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून भारताकडे जोरदार वारे वाहतात. जाताना मात्र, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, अमूर ससाणा हा पक्षीही भारतातून समुद्रावरून आफ्रिकेत जातो, आणि वाटेत तो याच चतुरांवर पोट भरत असावा हा अँडरसन यांचा तर्क आहे. मूळ लेखात मी तो ठाम सत्य असल्यासारखा लिहिला होता. तिथे आता ‘तर्क’ हा शब्द घातला आहे.

जातींबद्दल. (जीनससाठी मी ‘वंश’ आणि स्पीशीजसाठी ‘जात’ लिहिते. ‘प्रजाती’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो आणि नेमका अशाच चर्चेत घोळ घालतो.) हेगन यांनी १८६१ साली हा वंश मांडला आणि त्यात आजही दोनच जाती आहेत: १७९८ साली फॅब्रिशियस यांनी वर्णन केलेली फ्लेव्हेसेन्स आणि थॉमस से यांनी १८३९ साली वर्णन केलेली हायमेनिया. पहिली जगभरच्या उष्ण प्रदेशांत आहे, दुसरी अमेरिका खंडांपुरती. ‘इतकी पसरलेली जात एकच कशी, आत चार-पाच जाती लपल्या असतील’ अशी शंका तुम्ही जाता जाता घेतली आहे, ती चांगली आहे. २०१६ साली वेगवेगळ्या खंडांतल्या फ्लेव्हेसेन्सचा डीएनए ताडून पाहिला गेला. इतक्या अंतरावरच्या चतुरांमध्ये अपेक्षित असलेला दुरावा त्यात दिसलाच नाही. समुद्रापलीकडे यांची ये-जा आणि सोयरीक चालू आहे असाच त्याचा अर्थ लागतो.

अपवाद आहे, आणि तो मला फार आवडतो. पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर चतुरांची ही एकच जात आहे. चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. तिथले पँटाला दिसायला काळसर झाले आहेत आणि उंच भराऱ्या न घेता जमिनीलगत उडतात, हे १९९८ साली नोंदवलं गेलं. कारण सहज पटण्यासारखं आहे: त्या बेटावरून जो उंच उडाला तो समुद्रावर गेला आणि परतला नाही, जे खाली राहिले त्यांचीच पिल्लं झाली. भटकणं हेच ज्याचं जगणं, तो तिथे घर धरून राहायला लागला. पुढेमागे तिथे तिसरी जात झालीच, तर ती अशीच होईल.

डासांबद्दल तुमचं बरोबर आहे. पँटालाची पिल्लं डबक्यातल्या डासांच्या अळ्या भरपूर खातात, पण डेंग्यूचे डास घरातल्या आणि घराजवळच्या भांड्याकुंड्यांतल्या पाण्यात वाढतात. तिथे ही पिल्लं सहसा नसतात. मी घाईने व्यापक विधान केलं. ते मागे घेते.

शेवटी तुमचा तपकिरी डाग. हायमेनियाचा डाग मागच्या पंखाच्या अगदी बुडाशी, शरीराला खेटून, छोटा आणि गोलसर असतो. उडताना तो चटकन दिसतही नाही. तुम्ही लिहिता की डाग ‘लांबूनही ठळक’ होता आणि चतुर काडीच्या टोकावर बसला होता. मग तो बहुधा ट्रेमिया या दुसऱ्या वंशाचा चतुर असावा. त्याच्याही मागच्या पंखाच्या बुडाशी गडद पट्टा असतो, तो पँटालाच्या थव्यांत मिसळून उडतो आणि काडीच्या शेंड्यावर बसतो. पँटाला बसला तर फांदीला खाली लोंबकळतो. डाग पंखाच्या मध्यावर असेल, त्याला लागून दुधी पांढरा ठिपका असेल आणि वेळ दिवेलागणीची असेल, तर तो थोलिमिस टिल्लार्गा या आणखी एका जातीचा नर. तुमच्याकडे त्या दिवसाचा फोटो असेल तर मागच्या पंखाचं बूड दिसेल असा निवडून इथेच टाका.