सगळं चाळिशीत शिका, आत्ता घाई काय आहे

हल्ली जो उठतो तो पंचविशीतल्या पोरांना ज्ञान देत सुटलाय, म्हणे आम्हाला हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. अजिबात ऐकू नका. त्यांना उशिरा कळलं तरी ठाण्यात वन बीएचके झालाच ना? (हप्ता रिटायर झाल्यावरही चालू राहणार आहे, पण ते असो.)

पहिलं काम, पगार सुरू झाला की क्रेडिट कार्ड घ्या आणि 40 हजाराचा फोन उचला. बिल आलं की पूर्ण भरायचं नाही, शी, तसं अडाणी लोक करतात. खाली बारीक अक्षरात मिनिमम ड्यू लिहिलेलं असतं, समजा 2 हजार, तेवढंच भरायचं आणि वडापाव खायला मोकळं व्हायचं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे 40 हजारावर 1400, त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 1652. म्हणजे तुमच्या 2 हजारातले साडेतीनशेच्या आसपास रुपये खऱ्या उधारीतून वजा झाले, बाकी सगळे बँकेच्या घरी गेले. आणि गंमत म्हणजे बाकी थकलेली असली की नवीन खरेदीवर ते बिनव्याजी दिवसपण मिळत नाहीत, स्टेशनबाहेरच्या दुकानातून कार्डावर घेतलेल्या चप्पललापण पहिल्या दिवसापासून व्याज. फोन जुना होईल, बिल तरुण राहील.

मग मार्च येतो. मार्चमध्ये बाबांच्या ओळखीचे एक काका घरी येतात, हे मुंबईत ठरलेलंच आहे, डोंबिवली असो की दहिसर. आई पोहे ठेवते, काका वरचं खोबरं आधी खातात, मग बॅगेतनं लॅमिनेट केलेला तक्ता काढतात आणि विचारतात, "काय रे, टॅक्सचं काय केलंस यंदा?" आता इथे प्रश्न विचारायचे नाहीत. नव्या टॅक्स रिजिममध्ये विमा-पीपीएफवरची सूट, जिला सगळे 80सी म्हणतात, ती मिळतच नाही आणि 2023 पासून तीच रिजिम डिफॉल्ट आहे, म्हणजे आपण जुनी निवडली नाही तर हीच लागते, हे तर बिलकुल काढायचं नाही, काकांना वाईट वाटेल. काकांच्या पॉलिसीचा वर्षाला 50 हजार हप्ता आणि विमा किती, तर 5 लाख. उद्या काही झालं तर घरचे त्यात किती दिवस काढतील हा हिशोब अशुभ असतो म्हणून करायचा नाही. तेवढ्या हप्त्यात टर्म इन्शुरन्सचं, म्हणजे मेलो तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याचं, एक कोटीचं कव्हर घेऊन वर बरेच पैसे उरतात, पण "मेलो नाही तर पैसे बुडाले ना" असं म्हणून तो विषय संपवायचा. दोनतीन वर्षांनी पॉलिसी मोडायला गेलात की भरलेले सगळे परत मिळत नाहीत ते कळेल, तेव्हा काका फोन उचलणार नाहीत कारण ते दुसरीकडे पोहे खात असतील.

पीपीएफचं, म्हणजे त्या सरकारी बचत खात्याचं, तर नावपण काढू नका, 15 वर्षं कोण थांबणार. दर महिन्याला 5 हजार भरले, 7.1 टक्के व्याज तसंच राहिलं तर 9 लाखाचे 16 लाखाच्या पुढे जातात, पण 15 वर्षांनी आपण काय जिवंत असणार आहोत का, विरार फास्टच्या दारात लटकून? आणि भरलेच तर 5 तारखेनंतरच भरा. व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जो सगळ्यात कमी बॅलन्स असेल त्याच्यावर मिळतं, म्हणजे 6 तारखेला भरलं की त्या हप्त्यावर त्या महिन्याचं व्याज गेलं. सरकारला तेवढीच मदत.

दात दुखला तर लवंग ठेवा. फिलिंगमध्ये भागत असताना डेंटिस्टकडे जायचं नाही, रूट कॅनल आणि कॅप दोन्हीची वेळ आली की जायचं, नाहीतर त्याचं दादरमधल्या गाळ्याचं भाडं कसं निघणार. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता "जरा बघतोस का" आलं की "हो सर". दर शुक्रवारी. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं तरी "हो सर".

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना कधीही विचारू नका की कुठल्या बँकेत काय आहे आणि नॉमिनी कोण. असलं विचारणं बरं दिसत नाही, पोरगं डोळा ठेवून बसलंय असं वाटतं. पासबुकं कपाटात, साड्यांच्या खाली, लग्नपत्रिकांच्या पिशवीत असतात, एका एफडीवर नॉमिनी म्हणून आजीचं नाव असतं जी कधीच गेली, दुसरीवर कोणाचंच नाही, आणि खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर. राहू द्या तसंच. वेळ आली आणि रक्कम मोठी असली की काउंटरवरच्या मॅडम मान वर न करता सांगतील, वारस दाखला आणा. तो कुठे मिळतो विचारलं तर म्हणतील, कोर्टात. मग वकील शोधा, तेवढ्यात लंच टाइम होईल.