खुलासा: ‘चित्रं आहेत, डोळे झाकून द्या’ या यादीबद्दल

चिपळूण-गुहागरकडच्या पालकांच्या ग्रुपवर ‘१० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी कॉमिक्स’ अशी यादी फिरते आहे. खाली लिहिलंय, ‘चित्रांची पुस्तकं आहेत, डोळे झाकून द्या.’ कृपया तसं करू नका.

यादीत पहिलंच नाव ‘माउस’. मुखपृष्ठावर उंदीर आहेत खरे, पण आर्ट स्पीगलमन यांनी त्यात आपल्या वडिलांनी नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत काय भोगलं ते मांडलंय. फाशी दिलेली माणसं आहेत, आईची आत्महत्या आहे. १९९२ साली पुलित्झर या अमेरिकी पुरस्काराने गौरवलेलं हे थोर पुस्तक आहे. पाचवीतल्या मुलाने एकट्याने वाचायचं नाही.

‘भीमायन’ मात्र मी आवर्जून सुचवेन. गोंड शैलीत चितारलेलं बाबासाहेबांचं आयुष्य. आपल्या महाडचं चवदार तळं त्यात आहे. आजच्या अत्याचारांच्या बातम्याही आहेत, तेव्हा शेजारी बसून वाचा.

‘मांगा’ म्हणजे जपानी कॉमिक्स; त्यांच्या इंग्रजी आवृत्त्यांवर बरेचदा वयोगट छापलेला असतो: ‘टी’ म्हणजे किशोरवयीनांसाठी, ‘एम’ म्हणजे प्रौढांसाठी. छापलेला नसेल तर मधली आणि शेवटची पानं चाळा.

ही यादी पुढे पाठवू नका. पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.